निरोपाच्या भाषणातला हशा

गांधीबागेतून बाबा महापालिकेवर पुन्हा पुन्हा निवडून आले ते बरेचसे जिभेच्या जोरावर. सभागृहात ते अगदी शुद्ध, पुस्तकी मराठी बोलत. मधेच एखादं वाक्य आमच्या घरच्या बोलीत सोडून देत, की विरोधकही पोट धरून हसत. दुसऱ्या दिवशी ते वाक्य कापडबाजारात दुकानोदुकानी फिरे. मुलगी म्हणून मलाही त्याचा केवढा तोरा!

मग त्यांच्याच चेल्यानं त्यांचं तिकीट कापलं आणि स्वतः घेतलं. हा आमच्या ओसरीवर जेवून भाषणं करायला शिकलेला. वर निरोप समारंभही त्यानंच ठेवला. त्या सकाळी बाबा आईला म्हणाले, "आज खरं बोलूनच टाकतो. एकदा आयकू दे साल्यायले."

शाल झाली, नारळ झाला. बाबा उभे राहिले. "मित्रहो," म्हणाले आणि त्यांनी चेल्याकडे बघितलं. पुढचं पाठ केलेलं कुठे गेलं कोण जाणे. आपसूक घरची बोली तोंडात आली.

"मी यायले बोट धरून इथं आनलं. बोलाले शिकवलं. अन यायनंच मले भाईर काढलं. काय चुकलं गा माह्यं?"

सभागृह हास्यात बुडालं. बाबा थांबले, पुन्हा म्हणाले, "खरं सांगून राहिलो मी!" त्यावर तर टाळ्याच पडल्या. मागून कुणीतरी 'वन्स मोअर' ओरडलं. चेला हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत होता. पहिल्या रांगेत आईनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. मला त्या सगळ्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. बाबांनी भाषण तिथेच सोडलं.

उतरताना चेल्यानं त्यांचे पाय धरले. "काय रंगवलं बाबूजी! लोकं अजून हासून राहिले."

रिक्षात बाबांनी आईला एवढंच विचारलं, "काहून हासले वं?" तिनं त्यांच्या खांद्यावरची शाल सारखी केली.

तेव्हापासून बाबांनी ती बोली टाकली. घरातसुद्धा. आमच्याशी, आईशी, दारात आलेल्या भाजीवालीशी ते सभेतलंच मराठी बोलत, तेही मोजकं. आई चिडायची, "हे घर हाय, मीटिंग नाही." आम्ही हसू, ही भीती त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. काय समजावणार होतो आम्ही?

शेवटच्या दुखण्यात आई रात्रंदिवस उशाशी होती. एकदा त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं आणि परक्या घरी मागावं तसं म्हणाले, "मला थोडं पाणी मिळेल का?"