अकोल्याला वाफेचं इंजिन घ्यायला गेलो तेव्हा

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं अमरावतीहून अकोल्याला गेलो, ते एक इंजिन विकत घ्यायचं की नाही हे ठरवायला. इंजिन हातभर लांबीचं. त्याला खेळणं म्हणायला मात्र जीभ वळत नाही, कारण त्याच्या पोटात खरं पाणी उकळतं, खाली खरा जाळ असतो आणि ते खऱ्या वाफेवर धावतं.

या ब्लॉगवर माझ्यासोबत चिखलदरा, सेमाडोह फिरलेल्या वाचकांना अविनाश, म्हणजे माझे यजमान, माहीत आहेत. ते मूळचे अंजनगाव सुर्जीचे. घरी पानमळा. लहानपणी वडिलांबरोबर पानांच्या टोपल्या घेऊन ते छोट्या गाडीनं मूर्तिजापूरला जायचे. ही गाडी म्हणजे आपली शकुंतला, नॅरोगेजवरची. तेव्हा तिला वाफेचं इंजिन होतं. वीज कंपनीतली सगळी नोकरी त्यांनी एका बेतावर काढली: निवृत्त झालो की गच्चीवर रूळ टाकायचे आणि तसंच एक छोटं इंजिन आणून स्वतः चालवायचं.

निवृत्त झाले आणि वर्षभरातच उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गच्चीचा विषय घरात बंद झाला.

मग त्यांच्या छंदवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप आला. अकोल्याचे इंगळे सर, आयटीआयमधून निवृत्त झालेले, घर सोडून मुलाकडे पुण्याला चालले होते. निरोपात लिहिलं होतं, ‘वाफेची गाडी द्यायची आहे. चालवणाऱ्यालाच देईन.’

“नुसतं पाहून येऊ,” अविनाश म्हणाले.

मी हो म्हटलं. मनात मात्र मी इंजिन घेऊन टाकलं होतं. हा माणूस पुन्हा कशाची तरी वाट पाहतोय, एवढंच मला दिसत होतं.

पहिला दिवस: बडनेऱ्याहून पुढे

अमरावती ते अकोला रस्ता आता चौपदरी आहे. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत दोन तासांत निवांत पोहोचता येतं. गाडी नसेल तर बडनेऱ्याहून अकोल्याला रेल्वे भरपूर आहेत आणि अकोल्यात स्टेशनाबाहेर ऑटो मिळतात. आम्ही आमची छोटी गाडी काढली. हल्ली मीच चालवते. दोन्हीकडे फुटलेला कापूस, मधूनच तुरीची पिवळी फुलं, आणि पुढे नेहमी एक तरी कापसानं फुगलेला ट्रक. त्याला ओलांडायची घाई करू नका. वाऱ्यानं तो डोलतो.

एरवी अविनाश माझ्या शेजारी बसून प्रत्येक गिअर मनातल्या मनात बदलतात. त्या दिवशी ते माझ्या ड्रायव्हिंगकडे पाहतच नव्हते. मोबाईलवर इंजिनाचा फोटो मोठा करून पाहत होते.

“याचा रेग्युलेटर केबिनमध्ये आहे बघ,” मला म्हणाले. “वाफ किती सोडायची ते त्यानं ठरते. खऱ्या ड्रायव्हरसारखं.”

जठारपेठेत सरांचं घर पटकन सापडलं. कौलं जाऊन स्लॅब आलेलं, साधं, मागे मात्र मोठं अंगण. त्यात पेरूचं झाड, झेंडूचा वाफा, आणि या सगळ्यांना वळसा घालून गुडघाभर उंचीच्या विटांच्या कट्ट्यावरून गेलेले चिमुकले रूळ. घर बिल्डरला दिलं होतं. ओसरीवर बांधलेली खोकी रचून ठेवली होती.

“या, या. तुमीच का अमरावतीवाले?” इंगळे सर म्हणाले. उंच, काटक माणूस, स्वेटरला कोपरावर ठिगळ. त्यांनी टेबलावरचं फडकं उचललं.

काळं इंजिन, पितळी घुमट, लाल चाकं. अविनाश खुर्चीत बसले आणि त्याच्यावर हात न टेकवता नुसते पाहत राहिले. थरथरणारा हात त्यांनी डाव्या हातात घट्ट धरला होता. सरांनी ते पाहिलं. 

“काहून विकून राहिले, सर?” अविनाशनी विचारलं.

“पोरगा बाराव्या मजल्यावर राह्यते. तिथं गॅलरीत तुळशीची कुंडी ठेवाले जागा नाई, रूळ कुठं टाकू? अन् सोसायटीवाले म्हणतात, जाळ चालणार नाई.”

आतून काकू चहा घेऊन आल्या. “मी म्हटलं, ठेवा शोकेसमध्ये. तर म्हणतात कसे, मेलेला पोपट कोणी पिंजऱ्यात ठेवते का?”

सर हसले. मग म्हणाले, “सकाळी या. वारं नसते. चालवून पाहा, मंगच ठरवा.”

मुक्काम स्टेशनजवळच्या लॉजवर केला. हजाराच्या आत स्वच्छ खोली मिळाली, गरम पाणी सकाळी असतं. संध्याकाळी जवळच्याच खानावळीत पाटवडी रस्सा आणि ज्वारीची भाकर खाल्ली. रस्सा जहाल होता. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा. अविनाशनी चमचा मागून घेतला आणि रस्सा सांडत, पण पोटभर जेवले. जेवताना गच्चीचं माप सांगत होते. पाण्याच्या टाकीला वळसा घालून रूळ कसे नेता येतील ते त्यांनी ताटाच्या कडेनं बोट फिरवून दाखवलं.  इतकं सलग बोलताना त्यांना मी कितीतरी दिवसांनी पाहत होते.

दुसरा दिवस: अंगणातला फेरा

सकाळी पोहे-तर्री खाऊन आम्ही पुन्हा जठारपेठेत. अंगणात थंडी होती आणि सरांनी रुळांवरची पानं आधीच झाडून ठेवली होती.

बॉयलरमध्ये पाणी भरलं. तेल घातलं. लायटरमध्ये भरतात तसला गॅस टाकीत भरला. सरांनी काडेपेटी अविनाशच्या हातात दिली. “धुराड्याच्या तोंडाशी काडी धरा. फुप्प असा आवाज आला का समजा पेटलं.”

पहिली काडी तुटली. दुसरी पेटली, पण धुराड्यापर्यंत जाईतो हाताच्या हेलकाव्यानंच विझली. तिसरी त्यांनी दोन्ही हातांनी धरली, आणि तीही विझली. सर पेरूच्या झाडाकडे पाहत उभे राहिले.

“द्या, मी लावते,” मी म्हटलं.

फुप्प झालं. आत निळा जाळ धरला. दाब चढायला थोडा वेळ लागला, तेवढ्यात तापलेल्या तेलाचा एक जड वास पसरला. अविनाशनी डोळे मिटले. “मूर्तिजापूर,” एवढंच म्हणाले.

“आता तूच सोड,” मला म्हणाले. “हळू. अजून हळू. वाफ अंगावर नको घेऊ.”

मी केबिनमधली ती नखाएवढी दांडी सरकवली. इंजिनानं धुराड्यातून गरम पाण्याचे थेंब थुंकले, एकदा अडखळलं, आणि चाललं. छक... छक... मग वेग धरून. पेरूखालून, झेंडूच्या मागून, काकूंच्या धुण्याच्या दगडाला वळसा घालून परत आमच्याकडे. मागे वाफेची पांढरी रेघ. अविनाश हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मी मनात गच्चीवर रूळ टाकूनही मोकळी झाले. काडी मी लावीन, दांडी मी धरीन, कसं ते अविनाश सांगतील.

सरांनी इंजिन थांबवलं तेव्हा अविनाश पुढे झाले. “एकदा मी पाहतो.”

“पाहा न,” सर म्हणाले.

त्यांनी दांडीला बोट लावलं. बोट स्थिर होईना म्हणून मनगट कट्ट्यावर टेकवलं. दांडी जरा सरकली, इंजिन हललं, आणि त्याच क्षणी हाताला झटका बसला. दांडी पुरती उघडली. इंजिन सुसाट निघालं. सर धावले, पण वळण जवळ होतं. वळणावर रूळ सोडून ते कट्ट्यावरून खाली झेंडूच्या वाफ्यात कोसळलं आणि कुशीवर पडून चाकं फिरवत फुसफुसत राहिलं.

सरांनी फडक्यानं धरून गॅस बंद केला. चाकं थांबली. 

काकू ओसरीवरून म्हणाल्या, “माणसाले लागलं नाई न? मंग झालं.”

“काई नाई झालं,” सरांनी इंजिन उचलून माती पुसली. घुमटाला एक बारीक चरा पडला होता. “माझ्या हातून दोनदा पडलं हाय हे. मऊ मातीत पडलं, नशीब म्हणा.”

अविनाश पायरीवर बसले होते. मी शेजारी बसले. “आपण घेऊ,” मी हळूच म्हटलं. “मी चालवीन. तुम्ही फक्त सांगत जा, आत्ता सांगितलं तसं.”

 अविनाश अंजनगावच्या घरी बोलायचे तसे बोलले. “तू चालवली तवा मले लय बरं वाटलं, सुनंदा. खरं सांगतो. पण ती मले चालवाची होती.”

 मी निघतानाच ठरवून आले होते की त्यांना नाही म्हणू द्यायचं नाही. पण नाही म्हणायचा हक्क त्यांचाच होता.

सर जवळ आले. “तुमी घेऊन जा. पैशाचं नंतर पाहू. काचेत ठेवणारे लय भेटतात, तुमच्यासारखा नाई भेटत.”

“सर, मी नेली तर मीही काचेतच ठेवीन,” अविनाश उठून उभे राहिले. “तुमची अट मोडायची नाही मला.”

मग दोघांनी मिळून इंजिन पुसलं. सरांनी उरलेलं पाणी काढलं, अविनाशनी फडक्यानं चाकं पुसली. पुसण्यात हात थरथरला तरी काही बिघडत नव्हतं. काकूंनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. चून, म्हणजे आपलं पिठलं, भाकर, ठेचा आणि निघताना झाडाचे पेरू. फाटकाशी सरांनी अविनाशचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि थरथर थांबायची वाट पाहत धरून ठेवला. ती काही थांबणारी नव्हती. शेवटी अविनाशनीच हात काढून घेतला.

परतीचा रस्ता: दर्यापूर, अंजनगाव

“अंजनगाववरून जाऊ,” अविनाश गाडीत बसताना म्हणाले. हा रस्ता लांब पडतो. काळ्या मातीनं जागोजाग खचलाय, त्यामुळे वेळ हाताशी ठेवून जा. पण हिवाळ्यात हरभऱ्याची हिरवी शेतं दूरवर दिसतात आणि वाहनं कमी. दर्यापूरच्या पुढे आम्ही चहाला थांबलो. ते गाडीतच बसले. मी ग्लास अर्धा भरून आणला, म्हणजे सांडत नाही.

अंजनगावला स्टेशनाकडे गाडी वळवली. शकुंतला बंद होऊन बरीच वर्षं झाली. रूळ कुठे दिसतात, कुठे गवतात हरवतात. मी काच खाली केली.

“उतरायचं?”

“नको. इथूनच दिसते.”

एक म्हातारे गृहस्थ सायकल हातात धरून चालले होते. थांबून म्हणाले, “कोणाले पाहून राहिले, भाऊ?”

“गाडी केव्हाची आहे ते पाहून राहिलो,” अविनाश म्हणाले.

म्हातारा हसला. “आता मोठी गाडी येणार म्हणतात. आमी तर आयकूनच राहिलो.” आणि सायकल ढकलत गेला.

अविनाशही हसले, पण ते हसू लवकर सरलं. गाडीतून ते गवताकडे पाहत म्हणाले, “बाबा मला खिडकीशी बसवायचे. डोळ्यात कोळसा गेला की धोतराच्या सोग्यानं काढायचे. मी रडायचो नाही, कारण रडलं की पुढच्या खेपेला नेणार नाहीत.”

मी गाडी सुरू केली. अमरावतीपर्यंत ते झोपले. मला वाटतं, झोपल्यासारखे बसले.

घरी

नंतर महिन्याभरानं सरांचा पुण्याहून फोन आला. इंजिन नागपूरच्या एका हॉटेलवाल्यानं नेलं. चालवतो म्हणाला होता, आता काउंटरवर काचेत ठेवलंय असं कळलं. अविनाशनी ते ऐकून घेतलं आणि सरांनाच धीर दिला. “पाहणारे तरी पाहतील, सर,” म्हणाले. फोन ठेवल्यावर गच्चीवर गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत.

मी घ्यायला हवं होतं का? हा प्रश्न मला अजून भाजी चिरताना, रस्त्यात सिग्नलला उभी असताना मध्येच पडतो. एखादे दिवशी वाटतं, हट्टानं आणलं असतं तर आज गच्चीवर वाफेची रेघ दिसली असती. दुसऱ्या दिवशी वाटतं, ती रेघ त्यांना रोज माझ्या हातून निघताना पाहावी लागली असती. तुमच्यापैकी कोणी असंच काही विकत घ्यायला निघालं असेल, तर तुम्हाला काय सांगू? जा, एवढंच सांगेन. जाऊन, हात लावून या.

त्या प्रवासानंतरच्या सकाळची एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. अविनाश आजारी पडल्यावरही शर्टाची बटणं स्वतःच लावायचे. दार लोटून घ्यायचे, मला आत येऊ द्यायचे नाहीत, कितीही वेळ लागो. अकोल्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ओट्याशी होते. ते शर्ट उघडाच घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हनुवटी जरा वर केली.

मी हात पुसले आणि वरून खाली एकेक बटण लावत गेले. ते माझ्या डोक्यावरून खिडकीबाहेर पाहत होते. शेवटचं बटण लागलं तेव्हा म्हणाले, “चहा ठेव.”

मी चहा ठेवला.