काकूंच्या कमरेचे तीन आकडे

“पॉझिटिव की निगेटिव?” राव सरांनी तिसऱ्यांदा विचारलं. ते आमच्या पेन क्लिनिकचे, म्हणजे जुनाट दुखण्यांच्या दवाखान्याचे हेड. “एका शब्दात सांगा. मंगळवारचा स्लॉट रिकामा आहे. काकूंना घ्यायचं की नाही?”

एक शब्द माझ्याकडे नव्हता. तीन आकडे होते, तिन्ही एकाच बाईंचे आणि एकाच दुपारचे.

कुमुदकाकू सत्तरीच्या. वीज खात्यातून निवृत्त झालेल्या. यजमान गेल्यापासून अंबरपेठच्या आपल्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. कमरेनं दगा दिला तसा मुलगा अजित त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला कुकटपल्लीला, आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. “डॉक्टर, तुम्ही बरी झाली म्हणालात तरच आईला परत पाठवीन,” असं त्यानं मला पहिल्याच दिवशी, काकूंच्या देखत सांगितलं. मी मान डोलावली. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला, पण ते मला फार उशिरा कळलं.

कंबर दुखायला जागा बऱ्याच असतात. एमआरआय काढला तर या वयात सगळ्यांचेच मणके झिजलेले दिसतात, त्यामुळे नुसत्या फोटोवरून चोर सापडत नाही. मग आम्ही एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत, ज्या सांध्याचा संशय आहे त्यात बधिर करणारं औषध थोडंसं सोडतो. पुढचे काही तास दुखणं थांबलं, तर चोर बहुतेक तोच. नाही थांबलं, तर दुसरा सांधा बघायचा. काकूंच्या बाबतीत माझा संशय मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांवर होता. त्यांना फॅसेट म्हणतात. संशय खरा ठरला, तर त्या सांध्यांच्या बारीक नसा उष्णतेनं जाळायच्या. मंगळवारचा स्लॉट त्यासाठीच होता. आकडा चुकला तर नसा उगाच जळणार, आणि काकू कुकटपल्लीतच राहणार.

इंजेक्शनाआधी काकूंनी दहापैकी आठ दुखतंय म्हणून सांगितलं होतं. अर्ध्या तासानं मी पुन्हा विचारलं.

“दोन, डॉक्टरबाई. तुमची मेहेरबानी. किती मेहनत घेतली हो तुम्ही! आणि चहा तर एकदम फर्स्ट क्लास.”

आमच्या कँटीनचा चहा मी सात वर्षं पितेय. मला तिथेच शंका यायला हवी होती.

अजितनं फॉर्म भरून दिला, त्यात लिहिलं होतं शून्य. आईला विचारूनच लिहिलं म्हणाला. सिस्टर विजयाच्या फाइलमध्ये होते तेच आठ.

मी चक्रावले. पडद्यावरचे फोटो पुन्हा काढून बघितले. सुई जिथं हवी तिथंच होती. औषधाची बाटली तपासली, तारीख तपासली. शेवटी सिस्टरवर डाफरले.

“मॅडम, आंटी मला तेलुगूत बोलली ना. ‘नोप्पी तग्गलेदम्मा’, दुखणं कमी नाही झालं म्हणे. मग मी काय मनानं लिहू?”

तीन आकड्यांची सरासरी काढायला मी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला होता, हेही इथं कबूल करते. राव सरांना म्हटलं, “सर, मंगळवार सोडून द्या. मला कळत नाहीये.” इतक्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य तोंडातून काढायला फार जड गेलं.

दोन दिवसांनी काकूंना पुन्हा बोलावलं. अजित गाडी लावायला खाली गेला होता. औषध कधीच उतरलेलं, तरी काकू म्हणाल्या, “हौ, आराम आहे. एकच आहे आता.” आणि उठताना दोन्ही हातांनी माझं टेबल धरलं.

“काकू, टेबल का धरलंत?”

“मजबूत आहे तुमचं टेबल.”

 काकू परत खुर्चीत बसल्या आणि पदराशी चाळा करायला लागल्या.

“कसं सांगू? तुम्ही एवढं केलंत, वर दुखतंय म्हणू? बरं दिसतं का ते? आणि अजितला सांगितलं तर तो मला घरी जाऊ देईल का? मुलगा सोन्यासारखा आहे हो. पण डॉक्टरबाई, त्या फ्लॅटमध्ये मी दिवसभर लिफ्टचा आवाज ऐकत बसते.”

“आणि सिस्टरला मात्र खरं सांगितलंत?”

“ती थोडीच मला अडवणार आहे!”

मला राग आला. त्याहून जास्त लाज वाटली. ज्या उत्तरावर बाईंचं घर टांगलेलं होतं, ते मी मुलासमोर विचारत होते आणि खरं मिळेल अशी आशा धरत होते.

मग मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. “एका बोटानं दाखवा, नेमकं कुठं?” बोट कमरेवर गेलंच नाही. पार खाली, उजव्या बाजूला, जिथं पाठीचा कणा कुल्ह्याच्या हाडाला भेटतो तिथं जाऊन थांबलं. पुन्हा विचारलं, तरी तिथंच. तो सांधाच वेगळा. मी एक मजला वर चोर शोधत होते.

दुसरं इंजेक्शन तिथं दिलं. या वेळी बधिर करणाऱ्या औषधाबरोबर सूज उतरवणारं स्टेरॉइडही घातलं. अजितला खाली बसवलं. सगळ्यांना ताकीद दिली, काकूंना कुणीही आकडा विचारायचा नाही. अर्ध्या तासानं सिस्टर विजया त्यांना एक मजला जिना चढवून उतरवून घेऊन आली. मी चहा पुढे केला.

काकूंनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“हे काय? याला चहा म्हणता तुम्ही? नक्को बाई!” असं म्हणून त्या उठल्या, तरातरा बेसिनपाशी गेल्या आणि कप ओतून आल्या. टेबलाला हातसुद्धा लावला नाही.

सिस्टर माझ्याकडे बघून हसली. मी राव सरांना फोन केला. “पॉझिटिव. पण सांधा दुसरा.”

इंजेक्शन म्हणजे काही जादू नाही. त्याचा जोर ओसरतो, म्हणून तेवढ्या मुदतीत व्यायाम करून घ्यावे लागतात. काकूंनी ते केले. सहा आठवड्यांनी तपासणीला आल्या तेव्हा अजित शेजारीच बसला होता. मी त्याला बाहेर पाठवणार, तेवढ्यात काकूच म्हणाल्या, “असू दे त्याला.”

“बरं. दहापैकी किती?”

“तीन,” काकू म्हणाल्या. मेहेरबानी नाही, काही नाही.

अजित दचकला. “आई, घरी तर शून्य म्हणतेस! तीन म्हणजे अजून दुखतंय.”

“दुखतंय ना. तीन दुखतंय. तेवढ्या दुखण्यात मला माझं घर झाडता येतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सांगा त्याला.”

अजित माझ्याकडे वळला. “बरी झाली,” मी सांगितलं.

त्या रविवारी काकू अंबरपेठला गेल्या. आता मी कुठल्याही पेशंटला आकडा सगळ्यात शेवटी विचारते. आधी चहा मागवते.