माश्या घरी येण्याची वेळ

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या मोशीच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर, माझ्या आणि शेजारणीच्या गॅलरीच्या मधोमध वरच्या स्लॅबला आग्या मोहोळ बसलं. लोक घाबरले. मला आनंद झाला, पण तेव्हा तसं बोलायची सोय नव्हती.

माझे वडील जावळीत मधाच्या पेट्या ठेवायचे. पेटीत राहते ती सातेरी, गरीब माशी. आग्या पेटीत राहत नाही. ती उघड्यावर एकच मोठं पोळं लावते, फुलोरा असेपर्यंत नांदते आणि मध संपला, पिल्लं उडती झाली की एका सकाळी सगळी मंडळी उठून निघून जातात. पुढच्या वर्षी पुष्कळदा त्याच जागी परत येतात. आग्याला पाळायचं नसतं, नुसतं राहू द्यायचं असतं, असं वडील सांगायचे.

शेजारीण मूळची मोशीचीच, लहान नात तिच्याकडे राहायची. आमची इमारत उभी आहे तिथे तिच्या सासऱ्यांचा कांद्याचा मळा होता. मी चाकणच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला. चारला घरी पोचले की तिच्याकडे चहा तयार असायचा. सात वर्षं हे चाललं. माझ्या घराची दुसरी किल्ली तिच्याकडेच असे.

ती माश्यांना घाबरली, म्हणून मी तिला माशी शिकवली. अत्तर लावून गॅलरीत जायचं नाही. अंधार पडला की पडदे ओढायचे, कारण आग्या उजेडावर येते. केळं गॅलरीत खायचं नाही, कारण माशी डंख मारते तेव्हा पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या धावून येतात.

"म्हंजी एकादशीला मी सैपाकघरात कोंडून खायाचं व्हय?" ती हसली. पण खरंच ओट्यापाशी उभी राहून केळं खायची. एकदा तिच्या पांढऱ्या चादरीवर पिवळे ठिपके पडले. ती माश्यांची शी आहे म्हटल्यावर म्हणाली, "मग त्यांना बी संडास बांधून देऊ का?"

एका दुपारी गांधीलमाशी पोळ्याजवळ घिरट्या घालायला लागली. तशी पोळ्यावरच्या माश्यांनी एकीमागोमाग एक पोटं वर उचलली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सर्रकन लाट गेली. गांधीलमाशी पळाली. शेजारणीने माझा हात घट्ट धरला होता. "आमच्या मळ्यात बी बसायची मोहळं," ती म्हणाली. "पर मी कवा अशी बघितली न्हाई." त्या दिवशी मला वाटलं, आता ही आपल्या बाजूची झाली.

मग माझ्या जिभेने घात केला. माझा भाऊ केनियात गुलाबाच्या शेतीवर सुपरवायझर आहे. तिकडे लोक पोकळ ओंडके झाडाला टांगतात, माश्या आपणहून येऊन राहतात. जरा त्रास झाला की ओंडका सोडून जातात, आणि चिडल्या तर शेकड्यांनी मागे लागतात. भाऊ एकदा दोन तास पंपाच्या खोलीत दार लावून बसला होता. मी हे सगळं चहावर तिखटमीठ लावून सांगितलं. शेवटी असंही म्हणाले, की तिकडे माणसांनी आणि जनावरांनी पिढ्यान्‌पिढ्या पोळी लुटली, म्हणून ती माशी कुणावर विश्वास टाकत नाही.

"आपल्या बी तशाच?" तिने विचारलं.

"त्या वेगळ्या गं. आपल्या चिडल्या तर वाईटच, पण उगाच नाही चिडत."

तिने त्यातलं ‘चिडल्या तर वाईटच’ तेवढंच ऐकलं असणार.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये औषध मारायचा विषय निघाला. मी गुढीपाडव्यापर्यंत मुदत मागितली. तोवर माश्या आपल्या आपण जातील म्हणाले. कुणी ऐकेना. तेव्हा शेजारीण उठली. "मोहळ माझ्या बी घराला लागून हाय. माझी हरकत न्हाई. शब्द देते." मुदत मिळाली ती तिच्या शब्दावर.

पाडवा तीन आठवड्यांवर असताना आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी तीन दिवस गावी गेले. परत आले तर स्लॅबवर ओला करडा डाग, आणि फरशी स्वच्छ झाडलेली. तुळशीच्या कुंडीमागे मात्र ओंजळभर माश्या राहून गेल्या होत्या. दोन अजून पाय हलवत होत्या. घरात औषधाचा उग्र वास होता.

"सोसायटीवाल्यांनी केलं गं," शेजारीण दारातच म्हणाली. "मला तरी कुठं ठावं?" तिचे डोळे भरले होते. मीच तिची समजूत काढली. तिच्याकडचा चहासुद्धा प्यायले. त्या चहाची आज शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी वॉचमनला सहज विचारलं, फवारणीवाले कधी आले होते.

"आले तर दुपारीच होते, मॅडम. पण तुमच्या शेजारच्या वहिनींनीच थांबवलं त्यांना. म्हणल्या, आता निम्म्या माश्या बाहेर असतील, उद्या पुन्हा त्रास. संध्याकाळी सगळ्या घरी येतात, तेव्हा मारा. त्यांनीच तर फोन करून बोलावलं होतं. तुमच्या गॅलरीतून मारलं, किल्ली होती ना त्यांच्याकडं."

संध्याकाळी सगळ्या घरी येतात. हे वाक्य माझं होतं. मावळतीला पोळं कसं गच्च भरतं ते दाखवताना मीच तिला ते सांगितलं होतं, कौतुकाने.

मी तडक तिच्या दारात गेले. तिने नाकारलं नाही. "तूच आफ्रिकेचं सांगितलंस. मला झोप लागंना. नात गॅलरीत खेळती माझी."

"मग मला म्हणायचंस!"

"तू ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. तिला बोल बोल बोलले असते आणि माश्यांचीच बाजू घेतली असती. हे मला कळत होतं, म्हणून संताप आणखी वाढला. भीती वाटली हे मी समजू शकते. पण माझ्या मागे, माझ्याच किल्लीने, माझंच शिकवलेलं वापरून, आणि वर माझ्यासमोर डोळे पुसून? मी किल्ली मागून घेतली आणि चारचा चहा बंद झाला.

यंदा दिवाळीनंतर माश्या पुन्हा आल्या. आधी दहा-बारा, जागा बघायला. स्लॅबखाली घिरट्या घालून गेल्या. दोन दिवसांनी अख्खं मोहोळ येऊन त्याच डागाशेजारी लटकलं. पोळं अजून बांधलेलं नव्हतं, आत्ताच उठवल्या तर निदान जिवंत जातील.

मी धुपाटण्यात गोवरी पेटवली, वर ओला कडुनिंब टाकला आणि धूर त्यांच्याखाली धरला. गोंगाट वाढला. शेजारीण आपल्या गॅलरीच्या दाराआडून बघत होती.

"आगं, ऱ्हाऊ दे या वक्ताला," ती म्हणाली. "नात गेली तिच्या आईकडं. मी कुणाला काय बोलायची न्हाई. शब्द देते."

कदाचित ती खरं बोलत असेल. मी तिच्याकडे बघितलं नाही. आणखी पाला टाकला आणि सुपाने वारा घालत राहिले. माश्या सुटल्या, घोंघावत इंद्रायणीच्या दिशेने गेल्या. तिकडे त्यांना जागा मिळाली की नाही, मला माहीत नाही.

वडिलांनी मला धूर करायला शिकवलं ते माशी शांत व्हावी, घरात राहावी म्हणून. मी त्याच धुराने तिला हाकललं, आणि शेजारीण ते शेवटपर्यंत बघत उभी होती.