मावशींचं नाक, पेंटरांचा पिवळा

कोर्टाच्या मागच्या व्हरांड्यात मावशींचं चहाचं काउंटर होतं. मी तिथला टायपिस्ट, लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करणारा. माझं टेबल आणि मावशींचा स्टोव्ह यांच्यामध्ये एक खिडकी होती आणि ती कधी बंद व्हायची नाही. त्यामुळे हे जे सांगतोय ते बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि उरलेलं मावशींनी सांगितलेलं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण आमच्याकडे काही शहाणे नुसते चहासाठी ती चढायचे. चहाची पत्ती बाजारात मिळते तीच, दूध-साखरही सगळ्यांची असते तीच. फरक पाण्याचा होता. आमच्या भागातल्या नळाला क्लोरीनचा वास फार. कुठे पाइप फुटून दुरुस्त झाला की मग बघायलाच नको, चूळ भरली तरी पोहण्याच्या तलावात तोंड उघडल्यासारखं वाटायचं. आसपासच्या टपऱ्यांवर चहा त्या वासासकट मिळायचा. मावशींच्या कपात तो कधी आला नाही.

संध्याकाळी निघताना त्या पसरट पातेली नळाखाली भरून ठेवायच्या आणि झाकणाऐवजी वर मलमलीचं फडकं बांधायच्या. झाकण घातलं तर वास बाहेर जाणार कुठून? सकाळी आल्यावर या पातेल्यातलं पाणी त्या पातेल्यात उंचावरून ओतायचं, पुन्हा उलटं. मग डोळे मिटून प्रत्येक पातेल्यावर वाकायचं. वास गेला असेल ते पाणी चहाला. उरला असेल ते उघडंच खळखळ उकळत ठेवायचं आणि परत वास घ्यायचा. जावयानं कोळशाचा फिल्टर आणून दिला होता, पण तो घरच्या नळाला होता. काउंटरला लागणारं पाणी त्या बिचाऱ्याला झेपलं नसतं.

दिवसाअखेर उरलेल्या पाण्यानं त्या फरशी धुवायच्या. उद्याला का ठेवत नाही, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, औषध गेलं म्हणजे पाण्याचा राखणदार गेला, मग त्यात कुणीही शिरतं. त्यांची पाठची बहीण लहानपणी खराब पाणी पिऊन गेली होती. त्यामुळे कुणी क्लोरीनला शिव्या दिलेल्या त्यांना चालत नसत. "औषध नळात हवंच," असं त्यांचं म्हणणं. "कपात नको, एवढंच."

त्यांचे यजमान पेंटर. मावशीसुद्धा त्यांचा उल्लेख "आमचे पेंटर" असाच करायच्या. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची हयात गेली. छापील पाट्या आल्यावर काम आटलं आणि ते घरी बसले. मावशींच्या नाकाला जेवढी धार, तेवढं पेंटरांचं नाक बोथट. दूध उतू जाऊन करपलं तरी हे शेजारी पेपर वाचत बसलेले. टर्पेंटाइननं नाक जाळलंय, असं मावशी सगळ्यांना सांगायच्या आणि पेंटर मान डोलवायचे.

मग एका थंडीत मावशींना ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कधी येईल ते सांगता येत नाही. मावशी काउंटरवर परतल्या. पाणी भरणं, ओतणं, उकळणं सगळं पहिल्यासारखं, फक्त पातेल्यावर वाकून काही उपयोग नव्हता. नेमकं त्याच सुमारास रस्त्यात पाइपचं काम चाललं होतं आणि पाण्यातलं औषध कधी कमी, कधी भरमसाट. चहा बिघडला. त्यांना कुणी काही बोललं नाही. आम्ही मंडळी गप्प, आणि एरवी शब्दाला शब्द वाढवणारे वकीलसुद्धा गप्प. पण कप अर्धे परत यायला लागले. आमचे एक वयस्कर वकीलसाहेब आपला चहा खिडकीतल्या कुंडीत ओतताना मावशींना दिसले. त्यांनी मान वळवली आणि बराच वेळ एकच कप पुसत राहिल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी घरी सांगितलं की काउंटर सोडते. पेंटर म्हणाले, मी येत जातो उद्यापासून, वास मी घेईन. मावशींना आजारपणानंतर पहिल्यांदा हसू आलं. ज्याला करपलेलं दूध कळत नाही, तो पाण्याचा वास घेणार! पण दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून पेंटर खरंच हजर. मावशींना त्यांनी साखर आणायला पिटाळलं. त्या परत आल्या तेव्हा हे एका पातेल्यावर वाकलेले, चेहरा न्यायाधीशासारखा. "हे घे," म्हणाले. "ते दुसरं अजून उकळव."

चहा सुधारला. आठवडाभरात कप पुन्हा रिकामे परत यायला लागले. वकीलसाहेबांनी तर दुसरा मागितला. मावशी चकित. इतकी वर्षं हे नाक कुठे ठेवलं होतंत, असं त्यांनी विचारलं, तर पेंटर म्हणाले, "घरात तुझं होतं की. माझं कशाला वापरू?"

मला मात्र खिडकीतून एक गोष्ट दिसायची. मावशी दूध आणायला वळल्या की पेंटर खिशातून काचेची छोटीशी नळी काढायचे. तिच्यात पातेल्यातलं जरा पाणी घ्यायचे, वर एका बाटलीतले थेंब टाकायचे आणि मागे पांढरा कागद धरून उजेडाकडे बघत राहायचे. पाणी पिवळं व्हायचं, कधी गडद तर कधी जेमतेम. मग ते पाणी मोरीत फेकून, नळी धुऊन, पुन्हा खिशात. मावशींची चाहूल लागली की लगेच पातेल्यावर वाकायचे आणि मोठ्यानं श्वास ओढायचे. आपल्याला काय करायचंय, म्हणून मी टाइप करत राहायचो.

एके दिवशी मावशी दूध आणायला निघून रिकाम्या हातानं अर्ध्या वाटेतून परत आल्या, पैसे विसरले म्हणून. पेंटर खिडकीशी नळी धरून उभे होते. मावशी त्यांच्या मागे येऊन थांबल्या. मला वाटलं, आता यांची काही धडगत नाही.

"हा कुठला पिवळा?" मावशींनी हळूच विचारलं.

पेंटर दचकले, पण हात हलू दिला नाही. "लिंबाच्या सालीचा," म्हणाले. "हे चालायचं नाही. लिंबाच्या आतल्या रसाइतका फिका झाला की जवळ येतं. काहीच रंग उठला नाही की चहाला घ्यायचं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पोहण्याच्या तलावाच्या काठावर खोलीचे आकडे त्यांनीच रंगवले होते. तिथल्या रखवालदाराकडे हे थेंब असतात हे माहीत होतं, म्हणून मावशी काउंटर सोडते म्हणाल्या त्याच रात्री त्याच्याकडे जाऊन शिकून आले. पाण्यात औषध असेल तेवढं ते पिवळं होतं. आणि पिवळ्या रंगात पेंटरांना कोण फसवणार?

"मग नाक कशाला खुपसत होतात पातेल्यात?"

पेंटरांनी नळी कागदावर ठेवली. "मला वासच येत नाही गं. टर्पेंटाइनमुळे नाही, जन्मापासूनच. लग्न ठरताना सांगायचं राहिलं, मग नंतर कसं सांगणार?"

मावशी स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "स्वयंपाकघरात येऊन म्हणायचात, काय छान वास सुटलाय. ते?"

"तुझ्या तोंडाकडे बघून सांगायचो."

मी मशीनवरचा हात थांबवला होता, तो पुन्हा चालवायला लागलो, चुकीच्या अक्षरांवर का होईना. मावशी पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. नाकानं कांदे सोलत आले आयुष्यभर, म्हणाल्या, आणि माणूस शेजारी बसलेला कळला नाही. पेंटर म्हणाले, दूध आणतेस ना, पाणी उकळलंय.

तेव्हापासून लपवाछपवी संपली. नळी आणि थेंबांची बाटली साखरेच्या डब्याशेजारी राहायला लागली. मावशीही पिवळा ओळखायला शिकल्या, पण पेंटरांना त्यांचा पिवळा पटायचा नाही. हा रंग उठलाय, नाही उठलेला, यावर रोज सकाळी दोन्ही पक्षांचा युक्तिवाद चालायचा आणि निकाल पेंटरांच्या बाजूनं लागायचा. चहा घेणाऱ्यांना उशीर व्हायचा, पण तक्रार कुणी केली नाही.

मावशींचं नाक परत आलं, पण अर्धवट आणि वेडंवाकडं. साबणाचा वास येतो, पावाचा येतो, कॉफी मात्र रबर जाळल्यासारखी लागते. क्लोरीनचा काही केल्या येत नाही. त्याचं त्यांना आता फारसं वाईट वाटत नाही. पेंटर रोज येतात. कपही तेच विसळतात आणि वकिलांना नावानं नाही, त्यांच्या कोटाच्या रंगछटेवरून ओळखतात.

परवा दुपारी गर्दी ओसरली होती. दोघं खिडकीशी बसून आपापला चहा घेत होते. पेंटरांनी विचारलं, "क्लोरीनला वास कसा असतो गं?"

मावशींनी कप खाली ठेवला. "नव्या नाण्यासारखा," त्या म्हणाल्या. मग मान हलवली. "नाही, तसा नाही. दवाखान्याची फरशी पुसलेली असते ना, तशा फरशीवर थंडीत अनवाणी उभं राहिल्यासारखा."

"म्हणजे वाईट."

"वाईट नाही हो. स्वच्छ. एकटं वाटायला लावणारा स्वच्छ."

पेंटरांनी यावर जरा विचार केला. "आणि पावाचा?" त्यांनी विचारलं.

मावशींनी स्टूल त्यांच्याकडे सरकवलं आणि सांगायला लागल्या.