घाईबाईचे भोवरे

माझी नणंद जन्माची घाईबाई. दूध मोठ्या आचेवर, चहा कच्चा, केस ओलेच बांधलेले. सासूबाई म्हणतात, "सातव्या महिन्यात झाली, तेव्हापासून पळतेच आहे."

आणि हिने काम निवडलं, ते धातूच्या पापुद्र्यात चुंबकाचे भोवरे उठवायचं! त्या धातूचा एकेक अणू म्हणजे चिमुकली चुंबकसुई. धातू सावकाश थंड करताना बाहेरून बेताचं चुंबक लावलं, की सुया शेजारणीकडे बघत जराजरा वळत जातात. मधली खाली, कडेच्या वर, असा गोल भोवरा बनतो. डोक्यावरच्या भोवऱ्यासारखाच चिवट, कंगव्याला दाद न देणारा.

परवा ती डबा विसरली, म्हणून मी प्रयोगशाळेत गेले. ही डोकं धरून बसलेली.

"वहिनी, पुसले गं सगळे!"

"कोण?"

"भोवरे. फिकट दिसत होते, म्हटलं ठळक करू. चुंबक वाढवलं, तर सगळ्या सुया एकाच दिशेला."

"म्हणजे कंगवा सोडून वस्तराच फिरवलास!"

"हसू नकोस. संध्याकाळी सूक्ष्मदर्शक दुसऱ्या गटाकडे जाणार. आज फोटो नाही मिळाला, तर आमच्या मार्गदर्शक बाई माझा विषयच बंद करतील."

"मग कर पुन्हा."

"करीन की. गरम करायचं, मग हळूहळू थंड. पण तोवर माझा हात चुंबक वाढवायच्या त्या बटणापासून लांब कोण ठेवणार?"

पापुद्रा तापवून तिने चुंबक बेताचं लावलं. मी पिशवीतून लोकरीची लड काढली, तिच्या दोन्ही मनगटांत अडकवली आणि समोर बसून गुंडा करायला लागले.

सूक्ष्मदर्शकाचा पडदा कितीतरी वेळ कोराच होता. मग एक ठिपका उमटला. त्याच्या शेजारी दुसरा. बघता बघता मधाच्या पोळ्यातल्या घरांसारखे भोवरे दाटीने बसले.

"वहिनी, इवलंसं वाढवू?"

"हात हलला तर लोकर गुंतेल. आणि मग तुला सोडवत बसवीन!"

"अगं, पण फोटो?"

"मी काढते. बटण कुठलं?"

"निळं. निळंच हं, वहिनी! शेजारचं नको!"

मी निळंच दाबलं. बाईंनी फोटो पाहिला आणि विषय चालू राहिला.

घरी सासूबाईंनी चष्मा लावून तो निरखला. "इतकं शिस्तीत? हे तू केलंस?"

नणंदेने ऐटीत मान हलवली, तेवढ्यात स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास आला.