होळीला येणारे पेशंट

"सर, पेशंट दर महिन्याला यायलाच हवा. नाहीतर तो लॉस्ट धरावा लागतो."

पुण्याहून कोऑर्डिनेटर मॅडमचा फोन. आणि माझ्यासमोर ऊसतोडीला निघालेली सायकीबाई.

आधी ही भानगड सांगतो. सातपुड्यातल्या मोलगीत माझा छोटा दवाखाना आहे. आमच्यासारख्या डॉक्टरांचं एक रिसर्च नेटवर्क आहे. संशोधन फक्त मोठ्या हॉस्पिटलात का, रोजच्या ओपीडीतही व्हावं, ही कल्पना. झकास वाटली, म्हणून मीही हौसेने नाव दिलं. यंदाचा विषय बीपी. दोन गोळ्यांऐवजी एकच एकत्रित गोळी दिली, तर लोक ती नेमाने घेतात का? गोळ्या नेटवर्कच्या, फुकट. पण एका वेळी महिन्याच्याच द्यायच्या.

"डागतर, जास्ती दे," सायकीबाई म्हणाली. "आमी गुजरातले चाललो. होळीलेच येऊ."

तिची बहीण मागच्या साली उसाच्या फडातच पडली. बीपी वाढून लकवा झाला. अजून बोलत नाही. सायकीबाईच्या डोळ्यांत तीच भीती होती.

"त्यांना व्हिडिओ कॉलवर तपासा ना," मॅडम म्हणाल्या.

"अहो, बीपी काय व्हिडिओवर दिसतं?"

"प्रोटोकॉल बदलता येत नाही, सर."

प्रोटोकॉल म्हणजे अभ्यासाचे आधी ठरलेले नियम. ठरवताना आम्हाला कुणी विचारलं होतं? माझं डोकंच फिरलं. दिवाळीनंतर इथले पाडे रिकामे होतात आणि होळीला माणूस कुठेही असो, घरी येतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे!

मी तिला आणि ऊसतोडीला निघालेल्या बाकीच्या पेशंटना होळीपर्यंतच्या गोळ्या दिल्या. तिकडच्या सरकारी दवाखान्यात बीपी तपासून घ्या, म्हणून दोनदा बजावलं. मॅडमना तसं कळवलं. उत्तर आलं, 'प्रोटोकॉल व्हायोलेशन'. माझा दवाखाना अभ्यासातून बाद. बसा बोंबलत!

होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजार भरला. ढोलांच्या आवाजात स्टेथोस्कोपमधलं काही ऐकू येईना, म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या. सायकीबाई आली. बीपी आटोक्यात.

"रोज खाल्ल्या गोळ्या?"

"मंग! लकवा पाह्यजे का मले?"

तिच्यामागे बाकीचे 'लॉस्ट' रांगेत उभे. मी पुण्याला फोन लावला.

"मॅडम, सगळे आलेत. लिहून घ्या."

"सॉरी सर, आता तुमचा डेटा घेता येणार नाही."

"अहो, बाई समोर बसलीय! बोलतेय माझ्याशी!"

"सर, सिस्टिममध्ये त्या लॉस्टच आहेत."

मी फोन ठेवला आणि पुढच्याला आत बोलावलं. आता कुठलंही नेटवर्क आलं की मी एवढंच सांगतो. होळीला सुरू करून दिवाळीला संपवणार असाल, तरच मला फोन करा.