महालक्ष्म्यांच्या पेटीतली फाइल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोला तर मुळीच नाही: महालक्ष्म्यांच्या पेटीतली ती फाइल मी काढली. स्टुलावर चढून, पूर्ण शुद्धीत, दुपारी साडेतीन वाजता. तोंडात जेवणानंतरची बडीशेपसुद्धा होती.

आता नीट सांगतो.

आमची बिल्डिंग इंदूरच्या अन्नपूर्णा मंदिरापासून पायी पाच मिनिटांवर. बारा फ्लॅट, त्यातले सात मराठी, आणि सेक्रेटरी मी. सेक्रेटरी म्हणजे पाण्याची टाकी धुवून घेणारा आणि लिफ्ट बंद पडली की शिव्या खाणारा माणूस. तरी मला त्या पदाचा अभिमान होता. आमच्या शहराला स्वच्छतेचा भारी गर्व. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, डायपर वेगळे, जुने सेल वेगळे. शेजारचा माणूस बायकोला मारतो हे कुठल्या डब्यात टाकायचं, ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून आम्ही ते ‘घरगुती मामला’ म्हणत पुन्हा त्यांच्याच दाराआड सरकवत होतो.

मारणारा पहिल्या मजल्यावरचा, माझा दोस्त. गणपतीत आरती तोच सुरू करायचा. आवाज असा की समोरच्या बिल्डिंगमधले लोकही हात जोडायचे. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं पोहे खायला जात असू. तो मला भिया म्हणायचा, मी त्याला भिया म्हणायचो. इंदुरात दोन पुरुषांच्या मैत्रीला एवढं पुरतं. त्याची बायको मला भाऊजी म्हणायची आणि माझ्या बायकोला ताई. त्यांना एक मुलगी, तेव्हा चौथीत.

आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर राहतो. भांडं पडल्याचा आवाज आणि माणूस पडल्याचा आवाज यांत फरक असतो, आणि तो पहिल्याच महिन्यात कळतो. मी काय केलं? सेक्रेटरीनं करायचं ते केलं. नोटीस लावली: ‘दुपारी दोन ते चार मिक्सर, ड्रिल व इतर आवाज टाळावेत.’ त्या ‘इतर’वर मी अर्धा तास घालवला होता. मी ती बोर्डावर टाचत असतानाच तो आला, वाचली, आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “सही किया भिया. हे चौथ्या मजल्यावरचे ड्रिलवाले तर ऐकूनच नाही राहिले.”

मी म्हणालो, “हो ना.”

खरं काम केलं ते बायकांनी. त्यांची म्होरकी तिसऱ्या मजल्यावरच्या बाई: निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या, बौद्ध घरातल्या. आजोबा महूला फौजेत होते, आणि बाई जिना उतरल्या की ते पटायचं. त्यांनी ठरवून दिलं की खालून आवाज आला, की जी घरी असेल तिनं वाटी घेऊन जायचं, बेल दाबायची आणि विरजण मागायचं. तो दारात आला तर त्याच्या हातून घ्यायचं नाही. “वहिनींना बोलवा, त्यांच्याच हाताचं लागतं.” ती स्वतः दिसेपर्यंत उंबऱ्यावरून हलायचं नाही. दहा मिनिटांनी दुसरीनं जायचं, दुसरी वाटी घेऊन. आणि सकाळी कचऱ्याची गाडी आली की ती बादली घेऊन खाली उतरली का, हे बघायचं. नाही उतरली तर वर जाऊन बघायचं.

एका रविवारी पोह्यांवर शेव टाकत तो मला म्हणाला, “भिया, आपल्या बिल्डिंगमध्ये कुणाला दही लावताच येत नाही का? परवा चार जणी आल्या!”

मी इतका हसलो की ठसका लागला. मला सगळं माहीत होतं. वाटी धरून दारात उभी असलेली बाई बघितली की उगारलेला हात खाली घ्यावाच लागतो, आणि महिन्याभरात खालचे आवाज निम्म्यावर आले होते. माझ्या नोटिशीनं तर ड्रिलसुद्धा थांबलं नव्हतं.

मग त्याच्या बायकोनं मुलीला घेऊन घर सोडायचं ठरवलं. बी.एड.ची प्रमाणपत्रं, आधार कार्ड, मुलीचा जन्मदाखला, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असे एकेक कागद विरजणाच्या वाटीखाली धरून वर आले. माझ्या बायकोनं त्यांची फाइल केली आणि महालक्ष्म्यांच्या पेटीत ठेवली. आमच्यात त्या पेटीला पुरुष हात लावत नाहीत. मुखवटे काढणं, सजवणं, परत मऊ साडीत गुंडाळणं, सगळं बायकांचं. माझं काम पेटी माळ्यावरून उतरवायची आणि परत चढवायची, हमालीच. भाद्रपदातलं हे काम मला त्या वर्षी मार्चमध्ये सांगितलं गेलं.

“आत्ता?” मी विचारलं.

“साड्यांना ऊन दाखवायचंय. तुम्ही उतरवा तर आधी, प्रश्नपत्रिका नंतर काढा.”

पेटी त्या महिन्यात तीनदा उतरली. तिसऱ्यांदा चढवताना आतून प्लास्टिक सरकल्याचा आवाज आला. मी काही बोललो नाही. न बोलणं मला जमतं, तेवढं एकच जमतं असं बायको म्हणते.

त्याच आठवड्यातला रविवार. पोहे समोर आले आणि तो रडायला लागला. चारचौघांत, टपरीवर. “भिया, ती जाऊन राहिली आहे रे. कागद नाहीत कपाटात. पोरीशिवाय मी मरून जाईन. तू तर सेक्रेटरी आहे, तुला सगळं माहीत असतं.”

शेवटचं वाक्य त्यानं म्हटलं नसतं तर कदाचित मी वाचलो असतो. अख्ख्या बिल्डिंगमध्ये मला सगळं माहीत असतं असं म्हणणारा तो एकटाच होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एक घर मोडण्यापासून वाचवतोय, असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं. सोमवारी अर्धी रजा टाकली. बायको छत्रीबागेत तिच्या आईकडे गेली होती. पेटी न उतरवता, माळ्यावरच उघडली, मुखवट्यांकडे न बघता. पार्किंगमध्ये फाइल त्याच्या हातात दिली.

“भिया, हे आपल्यातच,” मी म्हणालो.

“माँ कसम.”

त्यानं शपथ पाळली. माझं नाव कधीच घेतलं नाही. तीन दिवसांनी जेवताना फाइल ताटाशेजारी ठेवून तो तिला एवढंच म्हणाला, “ही घे, बघून घे एकदा.” मग उचलून घेऊन गेला. कुठे, ते तिला कधीच कळलं नाही.

फाइलीचं फक्त तिघींना माहीत होतं: तिला, माझ्या बायकोला आणि बाईंना. आमच्या घराची दुसरी किल्ली बाईंकडे असायची. हे कळलं त्या संध्याकाळी माझ्या बायकोनं गॅस पेटवला नाही. ओट्याला टेकून विचारत राहिली, “कोणी केलं असेल हो?” आणि मी पेपरमागून म्हणालो, “किल्ली तर बाईंकडेच असते.”

त्यात खोटा शब्द एकही नव्हता, म्हणून मला ते जमलं. किल्ली बाईंकडे ठेवताना आम्ही फार मोकळ्या मनाचे होतो. पण बायकोनं ते बोलून दाखवलं, आणि देवाच्या पेटीतलं काही गेलं म्हटल्याबरोबर बाकीच्या सगळ्या मराठी घरांनी एकदम त्या एका बौद्ध घराकडे बघितलं. ते तसं बघतील हे मला बोलायच्या आधीच ठाऊक होतं.

बाईंनी दुसऱ्या दिवशी किल्ली आणून टेबलावर ठेवली. “ठेवा. माझ्याकडे आता जागा नाही,” म्हणाल्या. चहाला थांबल्या नाहीत. बाई नाहीत म्हटल्यावर वाट्याही थांबल्या. जिनं तिनं आपापलं दही लावलं.

जुलैत तिचा डावा हात मोडला. “बाथरूममध्ये घसरली,” असं सांगत तोच धावत वर आला, कारण गाडी माझ्याकडे होती. तिला आधार देऊन बाहेर आणताना मी बाथरूमची फरशी बघितली. ठणठणीत कोरडी. दवाखान्यात डॉक्टरनं माझ्याकडे बघत विचारलं, “कसं झालं?” शेजारी तो उभा होता. ती माझ्याकडे बघत होती, भाऊजी काय म्हणतात म्हणून.

“ओली फरशी,” मी म्हणालो. “मी तर नेहमी सांगतो, मॅट टाका.”

मॅट! मी तिथे सल्लासुद्धा दिला.

तिला शेवटी बाहेर काढलं ते बाईंनीच. प्लॅस्टर निघायच्या आत, एका सकाळी कचऱ्याची गाडी आली. ती एका हातात बादली घेऊन उतरली, मागे गणवेशातली मुलगी. तो बाल्कनीत दात घासत होता, आणि त्याला गाडी दिसत होती. गाडीच्या पलीकडे बाईंनी उभी केलेली रिक्षा दिसत नव्हती. गाडी गेली तेव्हा रस्त्यावर नुसती बादली होती. मी ती उचलून वर नेऊन दिली. त्याला वाटलं, मी मदत करतोय.

माझी बायको अजून तिसऱ्या मजल्यावर जात नाही. “पाप धुवायला काढलं असेल तिला बाहेर,” असं म्हणते, आणि मी समोर बसून तिचं दही खातो.

आता कोर्टात केस चालू आहे. त्यानं लिहून दिलंय की कागद तिनं स्वतःच हरवले, आणि त्यानं कधी हातही उगारला नाही. दुसऱ्या प्रती काढण्यात तिचं वर्ष गेलं, ठरलेली शाळेची नोकरी गेली. गेल्या आठवड्यात बायको तिला भेटून आली आणि गिलकी चिरता चिरता म्हणाली, “वकीलबाई विचारत होत्या, फाइल त्याच्याकडे होती हे सांगणारं कोणी आहे का? आता कोण सांगणार! हो की नाही?”

“कठीण आहे,” मी म्हणालो.

कठीण काहीच नाही. बायकोला सांगायचं राहिलं आहे. तिसऱ्या मजल्यावर जाऊन बाईंना सांगायचं राहिलं आहे. आणि पुढच्या तारखेला कोर्टात उभं राहून सांगायचं आहे की फाइल मी दिली, आणि फरशी कोरडी होती.